क्लचची दुसरी केबल

आधी चेन बघ, वेन्सेस्लाव.
मधोमध धरून उचल. बोटभर हलली तर ठीक,
दोन बोटं हलली तर निघायचं नाही,
मग तिकडे एस्केलला लग्न असो की मयत.

चेनला तेल पोचल्यावर द्यायचं, गरम असताना.
निघताना दिलंस तर अर्धं चाकावर उडतं
आणि उरलेलं धूळ खाऊन कणकेसारखं घट्ट होतं.
हे कुणी सांगत नाही.
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

पासो दे इंदिओसला टाकी गळ्यापर्यंत भर.
पुढे पाटी आहे, पंप आहे,
पंपावर ओफेलियाही आहे;
पेट्रोल असेलच असं नाही.
ती म्हणेल, टँकर उद्या येतो.
तो उद्या मी तीस वर्षं ऐकतेय.
म्हणून मागे पाच लिटरचा डबा,
आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर,
नाहीतर पावाला पेट्रोलची चव येते.
मी खाल्लाय तसा पाव.

वारा दुपारी बाराला जागा होतो,
माझ्या थोरल्या दिरासारखा, आणि उठल्या उठल्या ओरडतो.
त्याच्या आत दोनशे किलोमीटर उरकून घे.
दक्षिणेला वळलास की तो आडवा लागेल.
भांडू नकोस. रेल त्याच्यावर,
दारुड्याला खांदा देतात तसा.
ट्रकला मागे टाकताना मात्र जप:
ट्रकच्या आडोशाला वारा अचानक संपतो
आणि ज्याच्यावर रेललो होतो तेच नसतं.
तिथे पडतात माणसं. वाऱ्यात नाही.

खडीवर पुढचा ब्रेक आहे हे विसर.
गाडी शेपूट हलवेल, हलवू दे.
नजर चाकापाशी नको, लांब,
रस्ता आकाशात शिरतो तिथे.
ग्वानाको एकटा कधीच रस्ता ओलांडत नाही.
मी पहिल्याकडे बघत राहिले;
माझा डावा गुडघा दुसऱ्याने मोडला.

फाटक उघडं असेल तर उघडं ठेव, बंद असेल तर बंद,
मेंढ्या कुणाच्या का असेनात.
जाकिटाखाली छातीवर वर्तमानपत्र. शिळं चालतं,
थंडीला बातम्या वाचता येत नाहीत.

या गाडीवरून मी इन्सुलिन नेलंय,
शाळेच्या परीक्षेचे पेपर,
एकदा जाकिटातून कोकरू, जे वाटेतच मुतलं.
ती तुझ्याइतकी लाडाची नाही, पण जुनी आहे.
किल्ली अडकली तर थोडी खाली दाबून फिरव.

आता हे बघ, इथे, टाकीखाली.
क्लचच्या केबलला चिकटून दुसरी केबल आहे,
काळ्या टेपने बांधलेली, कशालाच न जोडलेली.
पहिली तुटली की नुसती टोकं बदलायची,
दहा मिनिटांचं काम.
ती तुझ्या बापाने बांधली,
कोमोदोरोला तेलविहिरीवर जायच्या आदल्या रात्री,
दातात टॉर्च धरून.
पत्रं आली सहा. सातवं नाही.

पहिली केबल तेव्हापासून चारदा तुटली.
चारही वेळा मी नवी विकत आणली,
एकदा एकोणीस किलोमीटर गाडी ढकलून,
आणि ही तशीच ठेवली.
हा सल्ला नाही. हे तू करू नकोस.
तुटली की वापर.
वापरण्यासाठीच बांधलीय ती.

तू कोमोदोरोला कशाला चाललास
ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.
माझी डावी बोटं आता क्लच ओढत नाहीत,
सकाळचं माते मी दोन्ही हातांनी पिते,
एवढ्यासाठीच गाडी तुला देतेय,
असंच समज.

पोचलास की लगेच फोन करू नकोस.
आधी चेनला तेल दे,
ती गरम आहे तोवर.
मग कर.